प्रबोधिनीच्या दारापर्यंतची वाट दाखविणारे डॉ. मुंजे

बारावी होताच थेट राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार ठोठवावे, की आधी एक वर्ष केवळ तयारीला द्यावे? लष्कराचे स्वप्न पाहणाऱ्या कुडाळ-सावंतवाडीकडील मुलांना आणि त्यांच्या पालकांना हा पेच नवा नाही. प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस एवढेच असल्याने एका वर्षाचे मोलही मोठे. शंभर वर्षांपूर्वी तयारीचा हाच प्रश्न देशापुढे उभा होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपली उतारवयातील वर्षे वेचली ती डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी.

मुंजे यांचा जन्म १८७२ मध्ये बिलासपूरला झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे बोअर युद्धात वैद्यकीय पथकासोबत दक्षिण आफ्रिकेला गेले. नागपुरात नेत्रतज्ज्ञ म्हणून त्यांनी नाव मिळविले. राजकारणात ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी होते. टिळकांच्या निधनानंतर ते काँग्रेसपासून दुरावले आणि हिंदू महासभेचे नेते झाले.

सैन्यातील अधिकारपदांसाठी सँडहर्स्टमध्ये १९१८ पासून भारतीयांना वर्षाला दहा जागा मिळू लागल्या होत्या. मात्र त्यासाठी पुरेसे योग्य उमेदवार मिळेनात आणि प्रवेश मिळालेल्यांपैकीही अनेक जण शेवटपर्यंत टिकले नाहीत. उणीव बुद्धीची नव्हती, शालेय घडणीची होती. मुलांना तयार करण्यासाठी १९२२ मध्ये डेहराडूनला सरकारी विद्यालय निघाले. पण त्याचा खर्च सामान्य घराला पेलणारा नव्हता.

१९३१ मध्ये भारतातच लष्करी महाविद्यालय काढण्यासाठी सरसेनापती चेटवूड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुंजे तिचे सदस्य होते. १९३२ मध्ये डेहराडूनला भारतीय लष्करी अकादमी चाळीस छात्रांनिशी सुरू झाली. प्रबोधिनी तर मिळाली. तिथे जाण्याजोगी मुले मात्र घडवायची होती. मुंजे यांनी ते काम अंगावर घेतले. १९३५ मध्ये त्यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जून १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. तेव्हा ते पासष्टीच्या उंबरठ्यावर होते.

या कार्याला वादाची बाजूही आहे. १९३१ मध्ये त्यांनी इटलीत मुसोलिनीची भेट घेतली आणि तेथील युवक-संघटनेची शिस्त त्यांना भावली. त्यांच्या संस्थेचा रोख हिंदू समाजापुरता होता. या दोन्ही गोष्टींवर इतिहासकारांनी कठोर टीका केली आहे. त्यांचे चरित्र वाचताना ती दृष्टिआड करता येत नाही.

मार्च १९४८ मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले. अकादमीआधीच्या तयारीचा विचार मात्र पुढे शासनानेही, कोणत्याही एका समाजापुरता न ठेवता, स्वीकारला. १९६१ मध्ये साताऱ्याला सैनिक स्कूल सुरू झाले. १९७७ मध्ये तत्कालीन औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सेवापूर्व शिक्षण संस्था निघाली. तेथे अकरावी-बारावीबरोबरच दोन वर्षे तयारी करून घेतली जाते. मुलींसाठी अशीच शासकीय संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. वर्ष द्यावे की न द्यावे, हे ज्याने-त्याने आपले वय आणि आपली उणीव पाहून ठरवायचे. सँडहर्स्टहून अर्ध्यावर परतलेल्यांना मात्र तो पर्याय क्वचितच मिळाला होता.