माजघरातले बाबूजी

सुधीर फडके म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना आधी ‘गीतरामायण’ आठवतं. त्यानंतर संघाचे स्वयंसेवक, दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेले कार्यकर्ते, सावरकरांवरच्या चित्रपटासाठी गावोगाव निधी गोळा करणारे बाबूजी. हे सगळं खरंच आहे आणि त्यावर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी लिहायचं ठरवलं. नवरा-बायको, दीर-भावजय, म्हातारे आईबाप, पगाराची तारीख आणि चाळीतली खोली अशा विषयांवरच्या चित्रपटांना त्यांनी दिलेलं संगीत हे ते काम. या गाण्यांना मिरवणुकीत जागा नाही. स्वयंपाकघरात हात चालू असताना ती आपोआप तोंडात येतात, आणि आपल्या भागातल्या मराठी घरांनी ती तशीच सांभाळली आहेत.

बाबूजींचा जन्म २५ जुलै १९१९ चा, कोल्हापुरातला. जन्मनाव राम विनायक फडके. म्हणजे पुढे ज्यानं रामकथेला चाली दिल्या तो मुळात रामच. त्याच वर्षी गदिमा जन्मले आणि पु. ल. देशपांडेही. (पु. लं. नी आपल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवलं आहे, हे बेळगावकरांना सांगायला नको.) वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. पण आई लहानपणीच गेली, परिस्थिती घसरली आणि ते घर मोडलं. कोल्हापुरात वामनराव पाध्ये यांच्याकडे मुलाला शास्त्रीय गाण्याची तालीम मिळाली. बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांचं गाणं कानात मुरलं. हिराबाईंकडून त्यांनी काय घेतलं असेल असं आम्हाला कुणी विचारलं, तर आम्ही म्हणू, सुराला धक्का न लावता शब्द उच्चारायची रीत.

पुढची काही वर्षं फार वाईट गेली. मुंबईत पडेल ते काम, कधी जेवण, कधी नुसतं पाणी. मग गाण्याचे छोटे कार्यक्रम करत हा तरुण उत्तर हिंदुस्थानात गावोगाव फिरला आणि पार कलकत्त्यापर्यंत पोहोचला. राहायला जागा नाही, उद्याची शाश्वती नाही. ‘जगाच्या पाठीवर’ या आत्मचरित्रात त्यांनी हे दिवस लिहिले आहेत. ते पुस्तक अपुरंच राहिलं. ज्यांच्या घरी ते असेल त्यांनी ते पुन्हा काढून वाचावं. घर नसण्याचा एवढा अनुभव गाठीशी असलेल्या माणसानं पुढे घराचीच गाणी इतक्या मायेनं बांधली, हे आम्हाला योगायोगाचं वाटत नाही. घरात असलेल्या माणसाला घर दिसत नाही. बाहेर राहिलेल्याला खिडकीतला दिवासुद्धा दिसतो.

१९४१ च्या सुमारास ते एच. एम. व्ही. त आले, त्यानंतर ‘प्रभात’मध्ये. १९४६ चा ‘गोकुळ’ हा त्यांच्या संगीताचा पहिला चित्रपट. १९४९ साली गायिका ललिता देऊळकर यांच्याशी लग्न झालं आणि इतक्या वर्षांनी संसार उभा राहिला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी जे दिलं त्यातलं सगळ्यात जवळचं आम्हाला ‘वहिनींच्या बांगड्या’ वाटतं.

हा चित्रपट १९५३ चा. दिग्दर्शन शांताराम आठवले यांचं, कथा य. गो. जोशींची. आणि वहिनी झाल्या सुलोचनाबाई. निपाणीकरांना इथं थांबून अभिमान वाटायला हवा, कारण सुलोचनाबाई आपल्या खडकलाटच्या. निपाणीजवळच्या त्या गावातली मुलगी कोल्हापूरला भालजी पेंढारकरांच्या चित्रसंस्थेत गेली, भालजींनी तिला सुलोचना हे नाव दिलं आणि पुढे अख्ख्या देशानं तिला आई मानलं. पण आईच्या आधी ती वहिनी झाली. आपल्याकडे आपण ‘वैनी’ म्हणतो. आईविना वाढलेल्या दिराला पोटच्या पोराप्रमाणे वाढवणारी भावजय असं त्या कथेचं सूत्र. आता हा योग पाहा. आईवेगळा झालेला कोल्हापूरचा संगीतकार आईवेगळ्या दिराच्या गोष्टीला चाली देतो आणि त्या कथेतली माउली सीमाभागातून येते. असल्या गोष्टी ठरवून होत नाहीत.

घरगुती चित्रपटात संगीतकाराला मोह फार असतात. रडण्याचा प्रसंग आला की व्हायोलिनचा ताफा सोडायचा, देवघर दिसलं की घंटा वाजवायच्या. बाबूजींनी हा हव्यास बऱ्याच अंशी टाळला. त्यांच्या या धर्तीच्या गाण्यांत मुखडा साधारण बोलण्याच्या पट्टीत सुरू होतो. शब्द जिथं बोलताना थांबतील तिथंच चाल श्वास घेते. वाद्यं बेताची, मधल्या जागेत एखादी बासरी किंवा सतार येऊन जाते आणि पुन्हा गाणाऱ्याला वाट देते. जोर लागतो तो अंतऱ्यात, तोही क्षणभर. म्हणून ही गाणी गळा नसलेल्या माणसालाही गुणगुणता येतात. पूर्ण गायला बसलं की मात्र त्यातल्या छोट्या छोट्या जागा घाम काढतात. आपल्या मंडळाच्या गायन स्पर्धेत ज्यांनी ती घेतली आहेत त्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

याच कथेवर १९६१ मध्ये हिंदीत ‘भाभी की चूडियाँ’ निघाला. सुलोचनाबाईंच्या जागी मीनाकुमारी, सोबत बलराज साहनी. दिग्दर्शक सदाशिव राव कवी, गीतं पंडित नरेंद्र शर्मा यांची. संगीतकार मात्र तोच ठेवला, हे फार बरं झालं. लताबाईंच्या आवाजातलं त्यातलं पहाटेचं गाणं आज सगळ्या देशाला माहीत आहे. भूपाच्या अंगानं जाणारी चाल, अंगणात सडा-रांगोळी करणारी मीनाकुमारी. हिंदीतले बोल थेट संस्कृत वळणाचे, पण अंगण आपलं! सडा, रांगोळी, तुळस आणि उजाडण्याआधी उठलेली घरची बाई हे सगळं बेळगाव-निपाणीच्या कुठल्याही जुन्या वाड्यातलं. त्याच चित्रपटात यमनाच्या छायेतलं दिव्याचं गाणं आहे आणि मुकेशच्या आवाजातलं, घरच्या लक्ष्मीचे ऋण मानणारं गाणंही आहे. पहिल्या गाण्याच्या कीर्तीखाली ही दोन्ही झाकली गेली. आमच्या मते मुकेशचं गाणं या तिघांत सगळ्यात साधं आहे आणि म्हणूनच सगळ्यात अवघड.

१९५४ सालचे दोन चित्रपट लागोपाठ सांगतो. ‘पहली तारीख’ हिंदी, राजा नेने यांचा. त्यातलं पगाराच्या दिवसावरचं किशोरकुमारचं गाणं रेडिओ सिलोन दर महिन्याच्या एक तारखेला लावत असे. नोकरदार घरांत ते ऐकूनच किराण्याची यादी निघायची. गंभीर प्रकृतीच्या बाबूजींना असली खट्याळ चाल सुचते हे अजून अनेकांना खरं वाटत नाही. दुसरा ‘ऊन पाऊस’, राजा परांजपे यांचा. म्हातारा मास्तर आणि त्याची बायको. मुलांनी त्यांना वाटून घेतलं आहे, एकाकडे बाप, दुसऱ्याकडे आई. १९५८ साली बी. आर. पंतलूंनी याच विषयावर कन्नडमध्ये ‘स्कूल मास्टर’ काढला. बेळगावात दोन्ही भाषांचे चित्रपट पाहणाऱ्यांना दोन्ही मास्तर माहीत होते आणि दोघांसाठी रुमाल ओले झाले. आईबापांच्या वाटणीला भाषा लागत नाही.

मधल्या काळात दादरा-नगरहवेली झालं. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि वर्षभर चाललं, ५६ गीतं. ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या सोप्यावर आठवड्याला गल्ली जमायची. यावर अधिक लिहीत नाही. फक्त एक नोंदवावंसं वाटतं: ‘गीतरामायणा’त जिथं राम, सीता, कौसल्या घरातल्या माणसांसारखी बोलतात तिथं चित्रपटांतले बाबूजी ओळखू येतात. डोहाळे, बाळाचं कौतुक, निरोप या जागा त्यांच्या हातच्याच होत्या.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. त्याचं दुःख, त्यानंतरची आंदोलनं, हे इथं पुन्हा मांडत नाही. पण एक गोष्ट घडली ती अशी की कचेरीची भाषा बदलली, पाट्या बदलल्या, पुढे मुलांच्या शाळाही हळूहळू बदलल्या आणि मराठी अधिकाधिक घरात आली. घरात ती कशावर जगली? आजीच्या ओव्या, आरत्या, मासिकं आणि रेडिओ. १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झाल्यावर तर निपाणीत स्वच्छ ऐकू यायचं. विड्या वळणाऱ्या बायकांपुढे सूप, शेजारी रेडिओ, हे दृश्य पुष्कळांनी पाहिलं आहे. ‘प्रपंच’, ‘सुवासिनी’, ‘जगाच्या पाठीवर’ यांतली गाणी त्यांना तोंडपाठ असायची.

‘जगाच्या पाठीवर’ १९६० चा, बाकीचे दोन १९६१ चे. गीतं गदिमांची. आठवा, हाच काळ लावणीच्या लाटेचा. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा, तो पुण्यात शंभरावर आठवडे चालला. ढोलकीच्या त्या कडकडाटात बाबूजी आपल्या पट्टीत राहिले. ‘सुवासिनी’त वाट पाहणाऱ्या स्त्रीची गाणी आशाबाईंनी गायली आहेत. विरहगीत म्हटलं की हंबरडा फोडायची सोय असते. इथं तो कुठंच नाही. ती बाई स्वतःशीच बोलते आहे आणि शेजारच्या खोलीत कुणी झोपलं आहे याचं भान तिला आहे, असं ऐकताना वाटतं.

‘प्रपंच’ ही कुंभाराची गोष्ट. पोरं जास्त, भाकरी कमी. कर्ता माणूस गेल्यावर धाकटा भाऊ संसाराचं जू मानेवर घेतो. कुंभार झाले शाहीर अमर शेख, धाकटे श्रीकांत मोघे आणि घरधनीण पुन्हा आपल्या सुलोचनाबाई. अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून आपल्या लोकांच्या छातीत घुमत होता. तो बुलंद शाहीर इथं कर्जानं वाकलेला बाप झाला आहे. शाहीर कम्युनिस्ट, संगीतकार संघाचा. चित्रपटात दोघं एका घराच्या दुःखासाठी एकत्र आले. तशी माणसं होती तेव्हा. चाकावरचं गाणं बाबूजींनी स्वतः गायलं आहे. विठ्ठलालाच कुंभार मानून केलेली ती तक्रार आहे, पण आवाज कुठंही चढत नाही. चाक फिरावं तशी चाल पुन्हा पुन्हा मूळ जागी येते. देवाशी भांडताना सूर इतका खाली ठेवणं फक्त वारकऱ्याला आणि बाबूजींना जमतं.

१९७० च्या ‘मुंबईचा जावई’ने आपल्या भागातल्या घरांना वेगळाच चटका लावला. दिग्दर्शक राजा ठाकूर; शरद तळवलकर आणि आपल्या कोल्हापूरचे अरुण सरनाईक त्यात आहेत. खोली एवढीशी, माणसं भरपूर, नव्या जोडप्याला बोलायला कोपरा नाही. त्या काळी मुंबईचा जावई मिळणं म्हणजे केवढी गोष्ट! परसदाराच्या, विहिरीच्या मोठ्या वाड्यांतून आपल्याकडच्या किती मुली परळ-गिरगावच्या खोल्यांत गेल्या. रुसव्याचं ते आशाबाईंचं रात्रीचं गाणं त्यांनी ऐकलं तेव्हा हसावं की रडावं ते त्यांना कळलं नसेल. गाणं कुजबुजीच्या इतकं जवळ आहे की रेडिओचा आवाज मोठा केला तर ते बिघडतं. दोन वर्षांनी बासू चटर्जींनी हिंदीत ‘पिया का घर’ केला, तोही गोड आहे. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. पण मूळ कुजबुज मराठीतच राहिली.

१९७७ मध्ये गदिमा गेले. त्या दोघांत रुसवेफुगवे बरेच झाले होते, तरी गाण्याला बसले की ते मागे पडत. पुढची अनेक वर्षं बाबूजींनी सावरकरांवरच्या चित्रपटाला वाहिली. तो पुरा करून २००१ साली पडद्यावर आणला, तेव्हा वय ८२. त्यांच्या निष्ठेपुढे हात जोडतो. पण त्या वर्षांत आणखी दहा-बारा घरगुती चित्रपट त्यांच्या हातून झाले असते तर, हा विचार मनातून जात नाही. २९ जुलै २००२ ला मुंबईत ते गेले. सुलोचनाबाई त्यांच्यानंतर वीसेक वर्षं होत्या. ४ जून २०२३ ला त्या गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी खडकलाटचं नाव छापलं आणि निपाणीच्या कितीतरी घरांत त्या संध्याकाळी ‘वहिनींच्या बांगड्या’चा विषय निघाला.

आता आपली नातवंडं इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. त्यांना ‘माजघर’, ‘वेणीफणी’, ‘सांजवात’, ‘अबोला’ हे शब्द शाळेत मिळणार नाहीत. अबोला कसा धरतात हे त्यांना येतं, शब्द तेवढा येत नाही. गणपतीचे दहा दिवस घरात सगळे असतात. आरती झाली, प्रसाद वाटून झाला की मोबाइलवर ‘सुवासिनी’ नाहीतर ‘प्रपंच’ची गाणी शोधून लावा. सापडतात. आवाज मात्र बेताचा ठेवा, आणि एखादा शब्द अडला तर आजीला विचारायला सांगा.