चौघांतला धाकटा

एकत्र कुटुंबात धाकट्याची एक वेगळीच पंचाईत असते. कामाला तो सगळ्यांच्या बरोबरीने असतो, पण मत मात्र त्याचे सर्वांत शेवटी विचारले जाते. तेही विचारले तर! घर एकत्र आहे तोवर त्याच्या अंगात काय आहे ते कोणाला कळत नाही. मग वाटण्या होतात, चुली वेगळ्या होतात आणि गावाला कळते, की भरलेली कणगी होती ती याच्याच खोलीत. आमच्या हरिहरेश्वरात, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, अशी घरे मी पुष्कळ पाहिली. म्हणूनच असेल, पण 'बीटल्स' या जगप्रसिद्ध चौकडीची कहाणी वाचताना माझे लक्ष नेहमी त्यातल्या धाकट्याकडे, जॉर्ज हॅरिसनकडे जाते. घर फुटल्यावर त्याने स्वतःच्या नावावर काढलेल्या तीन तबकड्यांच्या संचाचे नाव 'ऑल थिंग्ज मस्ट पास'. सगळे काही सरते, असा त्याचा अर्थ.

जॉर्जचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३चा, लिव्हरपूलचा. वडील बस चालवत. चार भावंडांत हा शेंडेफळ. घर इतके लहान, की शौचालय मागच्या परसात. शाळेच्या बसमध्ये त्याची पॉल मॅकार्टनीशी गाठ पडली आणि पॉलने त्याला जॉन लेननपुढे नेऊन उभे केले. जॉनला तो पोरसवदा वाटला, पण पोराची बोटे गिटारवर सफाईने चालत होती. पुढे १९६०मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला ही मंडळी रात्र-रात्र वाजवत असताना, वय अठराच्या आत म्हणून पोलिसांनी जॉर्जला परत पाठवले. तिथेही धाकटेपण आडवे आलेच!

बीटल्सने जग जिंकले ते बहुतांशी जॉन आणि पॉल या जोडगोळीच्या गाण्यांवर. जॉर्जही गाणी रचू लागला होता, पण एका तबकडीत त्याच्या वाट्याला जागा यायची एखाद-दुसऱ्या गाण्याची. उरलेली गाणी वहीत राहायची. ती वही भरत गेली.

याच काळात त्याच्या हाती सतार आली. १९६५च्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात त्याने ती हौसेने वाजवली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये पंडित रविशंकर भेटले आणि ती नुसती हौस राहिली नाही. सप्टेंबर १९६६मध्ये जॉर्ज शिकण्यासाठी मुंबईला आला. रविशंकरांनी 'किन्नर' ही संगीतशाळा १९६२मध्ये मुंबईतच काढली होती. जॉर्ज मिशा वाढवून, नाव बदलून ताजमहाल हॉटेलात उतरला. पण ते गुपित टिकले नाही. हॉटेलाखाली तरुणांची गर्दी जमली, वार्ताहर जमले आणि शेवटी गुरुशिष्यांनी काश्मीरचा रस्ता धरला. श्रीनगरच्या हाउसबोटीत शिकवणी सुरू राहिली.

जानेवारी १९६८मध्ये तो पुन्हा मुंबईत आला तो 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी. फोर्टमधल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आशीष खाँ, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया अशी पुढे मोठी झालेली मंडळी त्याच्यासाठी वाजवायला बसली. त्याच दिवसांत 'दि इनर लाइट' या गाण्याचे वादनही तिथेच ध्वनिमुद्रित झाले. बीटल्सच्या जगभर गेलेल्या एका गाण्याचा साज आपल्या मुंबईत चढला, हे अनेक मुंबईकरांनाही ठाऊक नसते.

इतके करूनही जॉर्जने सतार खाली ठेवली. लहानपणापासून रोज कित्येक तास साधना करणाऱ्यांच्या ओळीत आपण कधीच बसणार नाही, हे त्याने ओळखले होते. इथे मला या माणसाबद्दल आदर वाटतो. जगाने त्याला सतारवादक म्हणून सहज डोक्यावर घेतले असते; त्याने तो सोपा मान घेतला नाही. तो गिटारकडे परतला, पण रिकाम्या हाताने नव्हे. १९६९च्या अखेरीपासून तो तारांवरून नळी सरकवत वाजवायची 'स्लाइड' गिटार वाजवू लागला. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या त्या सुरांत आपल्या कानाला मींड ऐकू येते.

त्याच वर्षीच्या जानेवारीत लंडनच्या तालमींत त्याने 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणे चौकडीपुढे ठेवले. त्यावर थोडीफार तालीम झाली, पण ते तबकडीत काही आले नाही. १० जानेवारीला जॉर्ज सरळ उठून घरी गेला. काही दिवसांनी समजुतीने परतला खरा, पण भिंतीला तडा गेलेलाच होता. एप्रिल १९७०मध्ये पॉलने आपण वेगळे झाल्याचे जाहीर केले आणि वाटण्या झाल्या.

मे महिन्याच्या अखेरीस जॉर्जने वही उघडली. निर्माता म्हणून फिल स्पेक्टरला घेतले. एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, जुना सोबती रिंगो असे दोस्त गोळा झाले. काम चालू असतानाच जुलैमध्ये त्याची आई कर्करोगाने गेली. नोव्हेंबरच्या शेवटी संच बाहेर आला तेव्हा १९६६पासून पडून राहिलेले 'इझन्ट इट अ पिटी'ही त्यात होते. एकदा नव्हे, दोन वेगवेगळ्या चालींत! मुखपृष्ठावर बागेत गमबूट घालून बसलेला जॉर्ज आणि भोवती आडवे पडलेले चार मातीचे बुटके. चार म्हणजे कोण, हे लोकांनी आपापले ठरवले. अमेरिकेत हा संच सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्यात उणे नाही असे नाही. स्पेक्टरने वाद्यांचा गलबला आणि घुमारा इतका वाढवला, की कधी कधी जॉर्जचा मुळातला हळवा आवाज त्यात बुडतो. तिसरी तबकडी तर मित्रांची मैफल. ती नाही ऐकली तरी चालेल.

पण 'माय स्वीट लॉर्ड' ऐकाच. सुरुवातीला मागचे गायक ख्रिस्ती जयघोष करतात आणि नकळत तिथे कृष्णाची नावे येतात, मग गुरुवंदनेचा श्लोक येतो. माझ्या मोठ्या भावाने मुंबईहून त्याची कॅसेट आणली होती. आईला इंग्रजीचा गंध नव्हता. तिने ओटीवर सुपारी कातरता-कातरता ते ऐकले आणि हा कोणीतरी परदेशातला हरदास असावा, असे ठरवून टाकले. श्लोकातले ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणजे तर आमच्या देवळातलेच देव. ज्या गावाच्या नावातच हरी आणि हर एकत्र नांदतात, तिथल्या बाईला दोन धर्मांचे नामस्मरण एका गाण्यात आले याचे काही आश्चर्य वाटले नाही.

या गाण्याने जॉर्जला मनस्तापही दिला. १९६३च्या 'ही'ज सो फाइन' या गाण्याची चाल त्यात उतरल्याचा दावा झाला. चाल जाणूनबुजून नव्हे, तर नकळत घेतली गेली, असा निकाल न्यायालयाने १९७६मध्ये दिला. भरपाईचे प्रकरण पुढे कित्येक वर्षे चालले.

संचाला नाव देणारे गाणे मला उमजले ते मात्र ३ जून २०२०नंतर. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यावरून गेले आणि वडिलांनी लावलेल्या पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. कित्येक आठवडे वीज नव्हती. ती आल्यावर एका संध्याकाळी हे गाणे लावले. सुख जाते हे सांगणारी गाणी खूप आहेत. दुःखालाही तोच नियम लागू आहे, हे जॉर्ज आवाज न चढवता सांगतो. मोडलेल्या वाडीत नवी रोपे लावायला निघालेल्या माणसाला तेवढे पुरते.

संचाच्या यशावर तो नुसता बसून राहिला नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी रविशंकरांच्या शब्दाखातर त्याने न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठा कार्यक्रम केला. गुरूची साथ त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. १९९७च्या 'चँट्स ऑफ इंडिया' या त्यांच्या मंत्रसंग्रहाचा निर्माता जॉर्जच होता.

जानेवारी २००१मध्ये त्याने आपला हा जुना संच नव्याने काढला. मुखपृष्ठावरच्या बागेला रंग भरले आणि त्याच चित्राच्या पुढच्या रूपांत बागेभोवती हळूहळू इमारती चढत गेलेल्या दाखवल्या. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, कर्करोगाने तो गेला. २०२१मध्ये मुलगा धनी याच्या देखरेखीखाली गाण्यांचे नवे मिश्रण झाले. त्यात तो घुमारा बराच कमी झाला आहे. प्रथमच ऐकणार असाल तर तेच ऐका. चौघांतल्या धाकट्याचा आवाज तिथे स्वच्छ ऐकू येतो.