हाफकिन : एका आळाची पाच वर्षे

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव पोलिओच्या थेंबांमुळे बारामती-इंदापूरपर्यंत पोहोचले. ज्यांच्यावरून ते पडले, त्या वाल्देमार हाफकिन यांची कहाणी मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

1860 साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गुरू मेचनिकोव्ह. जखमेभोवती सूज येते, तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून जंतूंना गिळत असतात, हे मेचनिकोव्ह यांनी दाखवले. शरीराला ही लढाई आधीच शिकवता येईल का, हा शिष्याचा ध्यास बनला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, 1892 मध्ये आधी स्वतःला टोचली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले.

1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला. काखेत किंवा जांघेत गाठ, जोराचा ताप आणि बहुतेकदा मृत्यू. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत हाफकिन यांनी तीन महिन्यांत लस बनवली. 10 जानेवारी 1897 रोजी पहिली सुई पुन्हा स्वतःच घेतली. त्या वर्षीचा रमजान फेब्रुवारीत, ओस पडत चाललेल्या मुंबईत आला. मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

लोक सुईला भीत होते. तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरच्या आगाखान सुलतान मोहम्मद शाह यांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली. मागोमाग हजारो खोजा पुढे आले. प्रयोगशाळेसाठी घरही आगाखानांनीच दिले.

पुढे लाखो लोकांनी लस घेतली. मग 30 ऑक्टोबर 1902 हा दिवस उजाडला. पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. चौकशीत दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले.

खरे तर गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात. ते मुंबईपासूनच बाटलीत वाढले असते, तर तिला घाण वास आला असता. उघडताना तो कुणालाच आला नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि 1907 मध्ये आळ धुऊन निघाला.

ते परत आले, पण मुंबईची जागा मिळाली नाही. कोलकात्यात काही वर्षे काम करून ते निवृत्त झाले. 1925 मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांनी डोळे मिटले.

आज कुठल्याही शस्त्रक्रियागृहात चिमटा खाली पडला, तर तो निर्जंतुक केल्याशिवाय पुन्हा हातात घेत नाहीत. मुलकोवालला हा नियम पाळला असता, तर 19 जीव वाचले असते आणि एका निर्दोष माणसाची पाच वर्षेही.