डेनिस रिची

डेनिस मॅकअ‍ॅलिस्टेअर रिची (जन्म : ९ सप्टेंबर १९४१, ब्रॉन्क्सव्हिल, न्यू यॉर्क, मृत्यू : ऑक्टोबर २०११, बर्कली हाइट्स, न्यू जर्सी) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. सी या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक आणि केन थॉम्पसन यांच्यासह युनिक्स या संचालन प्रणालीचे निर्माते म्हणून ते ओळखले जातात. फाइलमधील मजकूर ओळीओळीने वाचण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत याच दोन निर्मितींमधून आकाराला आली.

जन्म आणि शिक्षण

रिची यांचे वडील अ‍ॅलिस्टेअर रिची हे बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. स्विचिंग मंडलांच्या रचनेवरील एका ग्रंथाचे ते सहलेखक होते. डेनिस यांचे बालपण न्यू जर्सीतील समिट या गावी गेले. हार्वर्ड विद्यापीठातून १९६३ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पुढे तेथेच उपयोजित गणितात संशोधन करून १९६८ मध्ये त्यांनी प्रबंध पूर्ण केला. मात्र त्याची बांधीव प्रत विद्यापीठाकडे दाखल न केल्याने त्यांना डॉक्टरेट औपचारिकरीत्या मिळाली नाही.

युनिक्सची निर्मिती

१९६७ मध्ये रिची मरे हिल येथील बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. त्या वेळी ही संस्था एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यासमवेत मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रणालीवर काम करीत होती. १९६९ मध्ये बेल लॅब्जने या प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या लहान संगणकावर नव्या प्रणालीचे काम सुरू केले आणि रिची त्यात सहभागी झाले. हीच पुढे युनिक्स म्हणून प्रसिद्ध झाली.

तत्कालीन अनेक प्रणालींमध्ये फाइल म्हणजे ठरावीक लांबीच्या नोंदींचा संच असे. ८० स्तंभांच्या छिद्रपत्रांची छाप त्यावर होती. युनिक्समध्ये फाइल ही केवळ बाइटांची सलग मालिका मानली गेली. ओळ ही संकल्पना प्रणालीच्या गाभ्याला ठाऊकच नव्हती. ओळ कोठे संपते हे दाखवणारे एकच चिन्ह मजकुरात असे आणि ते शोधण्याचे काम वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर सोपवलेले असे. या साधेपणामुळे कोणत्याही प्रोग्रॅमला कोणतीही फाइल वाचणे शक्य झाले. त्याचबरोबर ओळ किती लांब असेल हे आधी कळण्याचा मार्ग उरला नाही.

सी भाषा

थॉम्पसन यांनी मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल या भाषेवरून बी ही भाषा तयार केली होती. बी भाषेत सर्व माहिती एकाच प्रकारची, यंत्रशब्दाच्या आकाराची मानली जाई. नव्याने आलेल्या पीडीपी-११ संगणकावर मात्र प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता. अक्षरे हाताळण्यासाठी बी अपुरी पडू लागल्याने रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात तिच्यात माहितीचे प्रकार आणि रचना यांची भर घालून सी भाषा विकसित केली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिण्यात आला. त्यामुळे ही प्रणाली वेगवेगळ्या यंत्रांवर नेणे सुकर झाले.

फाइल वाचण्या-लिहिण्याची सोय सी भाषेच्या व्याकरणात नाही. ती सोबतच्या फंक्शन-संग्रहात आहे. बेल लॅब्जमधील माइक लेस्क यांनी यासाठी एक संच लिहिला आणि त्यात सुधारणा होऊन प्रमाणित आदान-प्रदान संग्रह तयार झाला. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो समाविष्ट होता. एकेका अक्षरासाठी गाभ्याकडे विनंती करणे वेळखाऊ ठरते. म्हणून हा संग्रह फाइलचा मोठा तुकडा एकदम स्मृतीतील बफरमध्ये आणून ठेवतो आणि प्रोग्रॅमला तेथून हवी तितकी अक्षरे देतो. सातव्या आवृत्तीत हा तुकडा ५१२ बाइटांचा, म्हणजे डिस्कवरील एका ब्लॉकइतका होता.

ब्रायन कर्निहॅन यांच्यासह रिची यांनी लिहिलेले ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक १९७८ मध्ये प्रकाशित झाले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ओळ वाचणारे ‘गेटलाइन’ हे छोटे फंक्शन आहे. त्याला मजकूर कोठे ठेवायचा याबरोबरच जास्तीत जास्त किती अक्षरे घ्यायची, ही मर्यादाही सांगावी लागते.

मर्यादा नसलेले वाचन

प्रमाणित संग्रहातील ‘गेट्स’ या फंक्शनला मात्र अशी मर्यादा सांगण्याची सोय नव्हती. ओळ राखून ठेवलेल्या जागेपेक्षा लांब असेल तर उरलेली अक्षरे शेजारच्या स्मृतीवर लिहिली जात. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने हीच त्रुटी वापरली. वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या ‘फिंगर’ सेवेत ५१२ बाइटांची जागा होती. तिच्यात मावणार नाही इतकी लांब ओळ पाठवून या वर्मने अनेक यंत्रांचा ताबा मिळवला.

त्याऐवजी वापरावयाचे ‘एफगेट्स’ हे फंक्शन जागेचा आकार विचारते आणि त्याहून एक बाइट कमी वाचते. उरलेल्या जागी शेवट दाखवणारा शून्य बाइट ठेवला जातो. ओळ मावली तर तिचे अंत्यचिन्हही मजकुरात राहते. ते नसेल, तर ओळ अपुरी वाचली गेली आहे किंवा फाइलची शेवटची ओळ अंत्यचिन्हाविना संपली आहे, असे समजावे लागते. फाइल संपल्याची खूण वाचन फसल्यानंतरच उमटते. म्हणून आधी ती खूण तपासून मग वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शेवटची ओळ दोनदा हाताळली जाण्याची चूक वारंवार आढळते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक मुद्दा येतो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये बेल लॅब्जमध्ये आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक संकेतचिन्ह तीन बाइट घेते. ठाण्यातील ‘वर्तकनगर’ हे नाव वाचकाला सहा अक्षरांचे दिसते. परंतु हलन्त चिन्ह धरून त्यात आठ संकेतचिन्हे, म्हणजे २४ बाइट आहेत. ते २० बाइटांच्या जागेत ‘एफगेट्स’ने वाचल्यास १९ बाइट येतात आणि ‘ग’ या अक्षराचा एक तृतीयांश भागच हाती लागतो. उरलेले बाइट पुढच्या वाचनात मिळतात. दोन्ही तुकडे जोडल्याशिवाय ते अक्षर पूर्ण होत नाही.

महाराष्ट्रातील प्रसार

भारतातील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत सी ही अनेक विद्यार्थ्यांची पहिली प्रोग्रॅमिंग भाषा ठरली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे इंग्रजी पुस्तक या विद्यार्थ्यांमध्ये विशेष लोकप्रिय आहे.

उत्तरायुष्य आणि सन्मान

रिची यांना १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासह ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये आयईईईचे हॅमिंग पदक आणि १९९८ चे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदकही या दोघांना देण्यात आले. २०११ मध्ये दोघे जपान पुरस्काराचे मानकरी ठरले. दरम्यान १९८९ मध्ये अमेरिकेत आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर सी भाषेचे प्रमाणीकरण झाले. प्लॅन ९ आणि इन्फर्नो या प्रणालींच्या कामातही रिची यांचा वाटा होता. २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

निधन

१२ ऑक्टोबर २०११ रोजी रिची बर्कली हाइट्स येथील राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. ते अविवाहित होते आणि एकटेच राहत. त्यांचे वय ७० वर्षे होते. स्टीव्ह जॉब्ज यांच्या निधनानंतर आठवडाभरातच ही घटना घडल्याने प्रसारमाध्यमांत तिची दखल तुलनेने कमी घेतली गेली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सी भाषेचे सुधारित आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्यातून ‘गेट्स’ हे फंक्शन वगळण्यात आले. ‘एफगेट्स’ मात्र कायम आहे.