मेरी ॲनिंग आणि ‘सॉरियन’

ग्रंथालयातील जाडजूड इंग्रजी शब्दकोशात मी दुसराच शब्द शोधत होते आणि ‘सॉरियन’ या विशेषणापाशी थांबले. अर्थ एवढाच दिला होता : सरड्याच्या जातीचा, सरड्यासारखा. ग्रीक भाषेत ‘सॉरोस’ म्हणजे सरडा. डायनोसॉर आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण त्याच्या शेपटाला हा ग्रीक सरडा चिकटलेला आहे हे मला त्या दिवशी कळले. संस्कृतात सरड्याला ‘सरट’ म्हणतात. तेव्हा मराठीत ‘सरटवर्गीय’ म्हणायला हरकत नसावी. आज हे विशेषण क्वचितच दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र विद्वानांच्या तोंडी ते सारखे असे. ते का, हे शोधू लागले आणि गाठ पडली एका सुताराच्या मुलीशी.

इ. स. १८०० मध्ये ब्रोन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सरपटणाऱ्या प्राण्यांचे चार वर्ग पाडले. कासवे, साप आणि बेडूक यांचे तीन झाले. चौथ्यात सरडे आणि मगरी एकत्र घालून त्याला त्याने ‘सॉरियन’ हे नाव दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस गावी एका झाडावर वीज पडली. झाडाखालच्या तीन बायका जागीच गेल्या. त्यांच्यापैकी एकीच्या कडेवरचे सव्वा वर्षाचे मूल वाचले. तीच मेरी ॲनिंग. तिचा जन्म २१ मे १७९९ चा.

गावाजवळच्या कड्यांतून निघणारे शंखशिंपल्यांचे दगड गोळा करून पाहुण्यांना विकायचे, हा बापाचा जोडधंदा. १८१० मध्ये तो कर्ज मागे ठेवून वारला. मेरी तेव्हा अकरा वर्षांची. रविवारच्या शाळेत लिहावाचायला शिकली, तेवढेच तिचे शिक्षण. पुढच्या वर्षी भाऊ जोसेफ याला कड्यात एक मोठी कवटी सापडली आणि १८१२ मध्ये मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. लांबी सुमारे सतरा फूट! लोक म्हणाले, मगर आहे. घरच्यांना त्याचे २३ पौंड मिळाले. पुढे १८१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने तोच सांगाडा सुमारे ४५ पौंडांना घेतला.

आता या प्राण्याला म्हणायचे काय? एव्हरार्ड होम या पंडिताने त्याच्यावर निबंधामागून निबंध लिहिले. तो माशासारखा की मगरीसारखा, हे काही त्याचे ठरेना. शेवटी नाव रूढ झाले ते इक्थिओसॉरस, म्हणजे मासा-सरडा. नावात मासा आला, सरडा आला; जिने तो खडकातून बाहेर काढला, तिचा होमच्या निबंधांत उल्लेखही आला नाही.

१८२३ च्या डिसेंबरात मेरीला आणखी एक सांगाडा मिळाला. मान इतकी लांब की पॅरिसच्या थोर कुव्हिए यांनाही ती बनावट वाटली. मेरीच्या दृष्टीने हा जिवावरचा प्रसंग होता. लबाडीचा ठपका बसला असता, तर तिच्या दगडांना पुन्हा कोण गिऱ्हाईक मिळणार? १८२४ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेत चर्चा झाली, सांगाडा अस्सल ठरला आणि कुव्हिए यांनीही चूक मान्य केली. हा प्लेसिओसॉरस, म्हणजे सरड्याच्या जवळचा. त्या सभेत कॉनिबेअर यांनी त्याचे वर्णन केले, पण मेरीचे नाव घेतले नाही. तिला सभेत जाताही येत नव्हते; त्या संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९१९ मध्ये.

मेरी नुसती दगड वेचणारी नव्हती. शास्त्रीय निबंध मागून आणून ती चित्रांसह हाताने उतरवून घेई. मासे फाडून त्यांचे अवयव पाही. सांगाड्यांच्या पोटाशी सापडणारे विशिष्ट खडे म्हणजे त्या प्राण्यांची विष्ठा आहे, हे उलगडण्यात तिच्या निरीक्षणांचा वाटा होता, आणि बकलंड यांनी तो मान्यही केला. माझी आजी मातीतला माग बघून घोरपड कुठल्या बिळात शिरली ते सांगते. तिला कोणी अभ्यासक म्हटलेले मी ऐकलेले नाही.

काम धोक्याचे होते. हिवाळ्यातील वादळांनी कडा ढासळला की नवे जीवाश्म उघडे पडत आणि पुढची भरती त्यांना वाहून नेण्याआधी ते काढावे लागत. १८३३ मध्ये अशीच एक दरड कोसळून तिचा ट्रे नावाचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती थोडक्यात बचावली. पुढे मित्रांच्या खटपटीने वर्षाला २५ पौंडांचे मानधन सुरू झाले. ९ मार्च १८४७ रोजी कर्करोगाने ती वारली.

त्याआधी १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी ‘डायनोसॉरिया’ हा शब्द घडवला होता : भयंकर सरडे. गंमत अशी की, यांतला एकही खरा सरडा नव्हे. मेरीचे इक्थिओसॉरस आणि प्लेसिओसॉरस तर डायनोसॉरही नव्हेत. आजच्या वर्गीकरणात ‘सॉरिया’ गटात सरडे, साप, मगरी यांच्यासह पक्षीही येतात. म्हणजे अंगणातली चिमणीसुद्धा सॉरियन!

मेरीच्या हयातीत अगासी या स्विस शास्त्रज्ञाने दोन जीवाश्म माशांना तिचे नाव दिले. सरड्याच्या नावाशेजारी तिचे नाव बसले ते मात्र तिच्या मृत्यूनंतर. २०१५ मध्ये इक्थिओसॉरसची एक नवी जाती ओळखली गेली. तिचे नाव इक्थिओसॉरस ॲनिंगी.