यंत्रं इंग्लंडची, नियम मात्र नाहीत! रविवारची सुट्टी मिळवणारे नारायण मेघाजी लोखंडे

रविवारची सुट्टी इंग्रजांनी आपल्याला आपणहून दिली, असं अनेकांना वाटतं. खरी गोष्ट वेगळी आहे.

१८४८ साली जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी रेल्वे आणि पोस्टात नोकरी केली. पुढे ते मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले.

गिरण्यांमधली यंत्रं लँकेशायरहून आली होती, पण तिथले कायदे सोबत आले नव्हते. इंग्लंडमध्ये १८५० पासूनच कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबायचं. भारतात १८८१ चा फॅक्टरी कायदा आला, तो मुख्यतः लहान मुलांपुरता. मोठ्यांच्या सुट्टीबद्दल त्यात काहीच नव्हतं.

सत्यशोधक लोखंडे १८८० पासून ‘दीनबंधू’ चालवत होते. १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा घेतली आणि ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली. संघटनेकडे ना निधी होता, ना सभासदांची यादी. तरीही सुमारे ५,५०० कामगारांनी मागण्यांच्या अर्जावर सह्या केल्या. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, ठरलेल्या तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन.

मालक लगेच बधले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले. दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. अखेर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या सुधारित कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. स्त्रियांच्या कामावरही ११ तासांची मर्यादा आली. भारतातले कारखाने स्वस्त पडतात म्हणून लँकेशायरचे गिरणीमालकही अशा कायद्यासाठी दबाव आणत होते, हेही खरं.

९ फेब्रुवारी १८९७ ला मुंबईतल्या प्लेगच्या साथीत लोखंडे यांचं निधन झालं. काही मागण्यांना मात्र बराच वेळ लागला. कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला आणि वेळेवर पगाराचा १९३६ मध्ये!

आज नोकरीच्या नियुक्तिपत्रात ‘साप्ताहिक सुट्टी’ ही एक साधी ओळ असते. यंत्रं बोटीतून आली, पण ही ओळ कामगारांना इथेच लढून मिळवावी लागली.