संत बेसिल यांची आजी



२६ जुलै रोजी आपण संत ज्योकीम आणि संत ॲना या प्रभू येशूच्या आजी-आजोबांचा सण साजरा करतो. या सणाजवळचा, म्हणजे जुलैचा चौथा रविवार पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांसाठी ठरवून दिला. त्यानिमित्त एका आजीची ओळख करून घेऊ या.

सेमिनरीत शिकताना आम्ही संत बेसिल यांचे विचार अभ्यासले, परीक्षेत त्यांच्यावर उत्तरेही लिहिली. पण त्यांच्या श्रद्धेचे मूळ त्यांच्या आजीपाशी आहे, हे आमच्या पुष्कळ उशिरा लक्षात आले. त्या आजीचे नाव संत मॅक्रिना.

मॅक्रिना पोंतस प्रांतातील निओसिझेरिया या गावच्या. आज ते गाव तुर्कस्तानात असून त्याला निक्सार म्हणतात. या गावचे पहिले बिशप संत ग्रेगरी यांची शिकवण मॅक्रिना यांनी मनापासून जपली होती.

इ. स. ३०३ साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू झाला. या छळाच्या काळात मॅक्रिना व त्यांचे पती घरदार सोडून पोंतसच्या डोंगरातील रानात गेले. घर खातेपिते होते. देवांना धूप घातला असता तर सारे वाचले असते. त्यांनी तसे केले नाही. सुमारे सात वर्षे थंडी, ऊन आणि पाऊस सोसत, मिळेल ती शिकार खाऊन त्यांनी दिवस काढले. देवाने हरणांचे कळप जणू आपणहून त्यांच्याकडे धाडले, अशी आठवण त्या घराण्यात सांगितली जाई. श्रद्धेपायी त्यांची मालमत्ताही जप्त झाली.

छळ संपल्यावर संसार पुन्हा उभा राहिला. त्यांचा मुलगा, थोरला बेसिल, नामवंत शिक्षक झाला. सून एमेलिया हिच्या वडिलांनाही श्रद्धेसाठी मृत्युदंड झाला होता. अशा या घरात नातवंडांचा गोकुळ भरला. लहानगा बेसिल आजीजवळ वाढला. आजीने त्याला संत ग्रेगरी यांची वचने शिकवली. इ. स. ३४०च्या सुमारास आजी वारली, तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा असावा.

पुढे बेसिल कॉन्स्टँटिनोपल आणि अथेन्स येथे शिकले, मोठे विद्वान झाले. ३७० साली ते सिझेरियाचे बिशप झाले. शहराबाहेर त्यांनी गरीब, आजारी व कुष्ठरोगी यांच्यासाठी सेवाकेंद्र उभारले. त्यांच्या श्रद्धेविषयी काही जणांनी शंका घेतली, निओसिझेरियातही त्यांच्याविरुद्ध कुजबुज झाली. तेव्हा त्यांनी तेथील लोकांना पत्र लिहून आपल्या आजीची आठवण करून दिली. आजीकडून लहानपणी जे मिळाले तेच आपण धरून आहोत, असे त्यांनी कळवले. अथेन्समध्ये शिकलेल्या माणसाने पुरावा दिला तो आजीच्या शिकवणीचा!

त्यांची भावंडे, आजीचेच नाव धारण करणारी मॅक्रिना, निसाचे ग्रेगरी आणि सेबास्तेचे पीटर, हीदेखील संत झाली. आजीचा सण परंपरेने १४ जानेवारीला येतो.

मॅक्रिना यांनी एकही ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी संकटात श्रद्धा टिकवली आणि नंतर ती नातवंडांच्या मनात पेरली. आपल्या घरातील आजी-आजोबांनीही हलाखीचे दिवस काढले आहेत. त्या दिवसांत देवावरचा भरवसा कसा टिकला, हे त्यांनी नातवंडांना सांगायला हवे. ते ऐकायला आपण मुलांना वेळ देतो का? ट्यूशन आणि टीव्ही यांतून अर्धा तास काढणे अवघड नाही.

या रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर मुलांना आजीजवळ बसवा. ज्यांचे आजी-आजोबा देवाघरी गेले आहेत, त्यांनी संध्याकाळच्या रोझरीत त्यांची नावे घ्यावीत.

संत मॅक्रिना, आमच्या कुटुंबांसाठी विनंती कर.